स्वादुपिंड स्वतःला का पचवत नाही?

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शास्त्राच्या पुस्तकात आपल्याला पचनसंस्थेचा धडा होता. ‘जोड्या लावा’मध्ये तो हमखास यायचा. जठर आणि पेप्सिन, यकृत आणि पित्तरस, स्वादुपिंड आणि ट्रिप्सिन. आपल्या सत्याऐंशीच्या बॅचमध्ये ही शेवटची जोडी चुकवणारा कुणी निघेल असं मला वाटत नाही. मागच्या बाकांवरही ती बरोबरच यायची, पुढच्याची वही बघून का होईना.

गेली बावीस वर्षं मी त्या एका जोडीच्या आसपासच नोकरी करते आहे. पुण्यात जनुकांची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे. रुग्णाचं थोडं रक्त येतं, त्यातून डीएनए काढायचा, डॉक्टरांनी सांगितलेलं जनुक वाचायचं, कुठे एखादं अक्षर बदललंय का ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण सकाळच्या चहाच्या वेळी तिघांनी मला गुडघ्याबद्दल विचारलं.

तर त्या जोडीत एक गोम आहे. ट्रिप्सिन हे विकर, म्हणजे एन्झाइम. ते प्रथिनं तोडतं. डाळीतलं असो, अंड्यातलं असो की मटणातलं, त्याला सगळं सारखंच. आणि ज्या स्वादुपिंडात ते तयार होतं, ते स्वादुपिंडही बऱ्याच अंशी प्रथिनांचंच बनलेलं. मटण विरघळवणारा रस मटणाच्याच पिशवीत भरून ठेवावा, तसा हा प्रकार. मग स्वादुपिंड स्वतःला का पचवत नाही? आपल्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही, आणि स्वाध्यायातही तो नव्हता.

उत्तर असं, की कधी कधी पचवतं. प्रागमध्ये काम करणाऱ्या हान्स कियारी यांनी १८९६ मध्येच लिहून ठेवलं होतं की स्वादुपिंडाच्या दाहात तो अवयव स्वतःच्याच रसाने पचत जातो. पण हे कुणाच्या बाबतीत घडतं आणि का, हे सांगायला पुढे शंभर वर्षं लागली.

एरवी ते घडत नाही, कारण शरीराने बंदोबस्त चोख ठेवला आहे. स्वादुपिंडाची पेशी ट्रिप्सिन थेट बनवतच नाही. ती बनवते ट्रिप्सिनोजेन. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, तसं हे मुसकं बांधलेलं ट्रिप्सिन म्हणा. ते मुसकं सुटतं लहान आतड्यात गेल्यावर. आतड्याच्या अस्तरात एंटेरोकायनेज नावाचं दुसरं विकर असतं, ते दोरी कापतं. त्याचा शोध १८९९ मध्ये पाव्हलॉव यांच्या प्रयोगशाळेत लागला. हो, कुत्र्याच्या लाळेचे प्रयोग करणारे तेच पाव्हलॉव. त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनाच्या अभ्यासासाठी. हे मी प्रत्येक भाषणात सांगते, माझा हट्टच आहे तो.

आता एकदा का ट्रिप्सिन जागं झालं, की ते बाकीच्यांच्या दोऱ्या कापत सुटतं. कायमोट्रिप्सिन, इलास्टेज ही सगळी मंडळी त्याच्याच हातून मोकळी होतात आणि शेजारचं ट्रिप्सिनोजेनसुद्धा. आतड्यात हे हवंच असतं, त्याशिवाय जेवण पचणार कसं? पण पेशीच्या आतच एखादा रेणू अवेळी जागा झाला तर? अवेळी जागे होणारे सगळीकडे असतात, आपल्या सहलीच्या बसमध्येही होते.

त्या वेळेसाठी पेशी एक राखणदार तयार ठेवते. ट्रिप्सिनोजेन ज्या बारीक पुड्यांत बांधलं जातं, त्याच पुड्यांत तोही असतो. हे ५६ अमिनो आम्लांचं एक लहानसं प्रथिन आहे. लुई कझाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये ते स्वादुपिंडातून वेगळं काढलं, म्हणून या जातीच्या रोधकांना कझाल कुळातले रोधक म्हणतात. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातही या कुळातला एक भाऊबंद आहे. माणसात हा राखणदार ज्या जनुकावरून बनतो ते पाचव्या गुणसूत्रावर असतं, आणि त्याचं नाव स्पिंक-वन. नावाचा उच्चार गमतीचा आहे, पण माझ्या आयुष्याचा बराच भाग त्यात गेला आहे.

राखणदार काम कसं करतो, ते मला फार आवडतं. ट्रिप्सिनची खोड अशी, की प्रथिनाच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल दिसलं की त्याच्या पुढच्या जोडावर चावायचं. राखणदार नेमकं एक लायसिन पुढे करून बसलेला असतो, उंदराच्या पिंजऱ्यात भजं लावावं तसं. ट्रिप्सिन चावायला येतं आणि तोंड तिथेच अडकतं. एरवी ते तुकडा पाडून पुढे गेलं असतं. पण हा राखणदार आतून गंधकाच्या तीन टाक्यांनी इतका घट्ट शिवलेला असतो, की तो सहजासहजी तुटतही नाही आणि सोडतही नाही. एका ट्रिप्सिनला एक राखणदार, असा हिशोब. राखणदार संख्येने थोडे असतात. सगळं ट्रिप्सिन एकदम उठलं, तर फार तर पाचव्या हिश्श्याला आवर घालता येईल, इतकेच. किरकोळ गडबडीला ते पुरतात, दंगलीला नाही. ज्या उंदरांत हे जनुक मुद्दाम काढून टाकलं, त्यांच्या पिल्लांचं स्वादुपिंड जन्मानंतर लगेच झिजत गेलं आणि ती दोन आठवड्यांत दगावली.

१९९६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड व्हिटकॉम्ब यांच्या गटाला, पिढ्यान्‌पिढ्या हा आजार असलेल्या कुटुंबांत ट्रिप्सिनच्याच जनुकात दोष सापडला. मग २००० साली बर्लिनचे हायको विट आणि त्यांचे सहकारी राखणदाराकडे वळले. स्वादुपिंडाचा जुनाट दाह असलेल्या ९६ मुलांची आणि किशोरांची स्पिंक-वन जनुकं त्यांनी वाचली. २३ टक्के मुलांत बदल सापडला. बहुतेकांत तो एकच होता. साखळीतल्या ३४ व्या जागी अॅस्परजिनऐवजी सेरिन. आमच्या भाषेत एन-३४-एस.

आता आपल्याकडे येऊ. उष्ण कटिबंधातला एक जुना आजार आहे. १९५९ मध्ये झुइडेमा यांनी इंडोनेशियातले रुग्ण नोंदवले, आणि साठच्या दशकापासून केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी तो मोठ्या संख्येने पाहिला आणि वर्णन केला. लहानपणी पोटदुखी, मग स्वादुपिंडात खडे, ऐन तारुण्यात मधुमेह. रुग्ण बहुतेक गरीब आणि हडकुळे. तेव्हा दोष कुपोषणाला दिला गेला, आणि केरळात गरिबाचं पोट टॅपिओकाच्या कंदावर भरायचं म्हणून त्या कंदाला. पण जिथे टॅपिओका कुणी खात नाही अशा उत्तर भारतातही तेच रुग्ण येत होते. २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या गिरिराज चांडक आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची जनुकं तपासली. परदेशी कुटुंबांत ट्रिप्सिनच्या जनुकात सापडलेल्या दोषाचा इथे या आजाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो राखणदाराच्या जनुकातल्या बदलाशी. त्याच सुमारास दिल्ली-लखनौकडच्या, दक्षिण भारतातल्या आणि बांगलादेशातल्या रुग्णांवरचे अभ्यासही याच जागेवर येऊन थांबले. ढोबळ मानाने दहातल्या चार रुग्णांत एन-३४-एस, तर निरोगी लोकांत शंभरात दोघांच्या आसपास.

हे सगळं मी का सांगते आहे? एका प्रश्नामुळे. स्वादुपिंडाला सूज आली असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती पितो?” दारूने हा आजार होतो, हे खरंच आहे. पण २००८ मध्ये देशभरातल्या रुग्णालयांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोखमीची पूर्ण माहिती असलेल्या १,०३३ जणांपैकी सुमारे ६० टक्क्यांत कारण सापडलं नव्हतं, आणि दारू हे कारण सुमारे ३९ टक्क्यांत होतं. म्हणजे तो प्रश्न दहापैकी सहा जणांना फुकटच झेलावा लागतो.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत. बारावीतला मुलगा, वसतिगृहात राहून शिकणारा. घर माळकरी, आजोबांची वारी कधी चुकली नाही. पोटाच्या वरच्या भागात कळ यायची, ती पाठीपर्यंत जायची. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. तिसऱ्या वेळी उलट्या सुरू झाल्या तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि स्वादुपिंडात खडे दिसले. तिथे त्याला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, “कधीपासून घेतोस रे?” मुलगा नाही म्हणाला. “सगळे नाहीच म्हणतात,” असं उत्तर आलं, आणि ते बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांनी ऐकलं. वसतिगृह सुटलं. आईने तुळशीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. वडील घरात त्याच्याशी बोलेनासे झाले. परीक्षा बुडाली ती वेगळीच.

वर्षभराने तो पुण्यात आला. इथल्या डॉक्टरांनी बाकी कारणं तपासून जनुकाचा नमुना आमच्याकडे पाठवला. एका प्रतीत एन-३४-एस होता. अहवाल गेला आणि चार दिवसांनी वडिलांचा फोन आला. असे फोन खरं म्हणजे समुपदेशकाकडे जायला हवेत, पण त्या दिवशी आमची समुपदेशक रजेवर होती. त्यांनी एकच विचारलं, “मॅडम, म्हणजे पोरगं पीत नव्हतं?”

इथे माझी पंचाईत झाली, कारण अहवालातून ते सिद्ध होत नाही. एन-३४-एस पिणाऱ्यातही असू शकतो, आणि तिथे तो आजाराला मदतच करतो. शिवाय या बदलाचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. एन-३४-एस असलेला राखणदार प्रयोगशाळेत बनवून ट्रिप्सिनसमोर ठेवला, तर तो नेहमीच्या राखणदाराइतकंच काम करतो! म्हणून संशोधक आता त्याच्या शेजारच्या, त्याच्याबरोबरच वारशाने येणाऱ्या बदलांकडे बघतात. राखणदार बिघडलेला नसून मुळात कमी तयार होतो का, असा तो तपास आहे. आणि हा बदल असलेल्या बहुतेक माणसांना जन्मभर काहीही होत नाही. आजार व्हायला आणखी काही लागतं. दुसऱ्या जनुकांतले बदल, तंबाखूचा धूर, दारू, आणि कदाचित अशा काही गोष्टी ज्यांची यादी अजून कुणाकडेच नाही.

मी त्यांना म्हटलं, “काका, तुमचा मुलगा पीत नव्हता असं प्रमाणपत्र माझं यंत्र देत नाही. ते त्याने तुम्हाला आधीच दिलेलं आहे. पण प्यायल्याशिवाय हा आजार होतच नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते खोटं आहे. एवढं मी लिहून द्यायला तयार आहे.” पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी फोन ठेवला.

आठवड्याने पुन्हा फोन. आवाज वेगळाच. अहवालात ‘वाहक’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे वाहक म्हटलं की एसटीतला कंडक्टर, त्यामुळे आधी त्यांना काही कळलं नव्हतं. मग कुणीतरी समजावून सांगितलं, की हा दोष घराण्यात आहे. आणि मुलाच्या बहिणीचं लग्न ठरत होतं. तिचीही तपासणी करावी का, आणि केली तर पाहुण्यांना सांगावं लागेल का, असं विचारत होते.

मला या फोनचा जास्त त्रास झाला. ज्या कागदाने पोरावरचा आळ हलका करायचा, तोच आता पोरीच्या डोक्यावर ठेवायला निघाले होते! दारूचा बट्टा गेला आणि त्या जागी रक्ताचा बट्टा आला. जनुकाची तपासणी आपल्या समाजात आणताना मला भीती वाटते ती याचीच. यंत्राची मुळीच नाही.

मी त्यांना एक हिशोब सांगितला, तोच तुम्हाला सांगते. या सभागृहात आत्ता दोनशेच्या आसपास माणसं आहेत. वरच्या आकड्यांनुसार तुमच्या-माझ्यातल्या तीन-चार जणांत एन-३४-एस असायला हरकत नाही. कदाचित माझ्यातही असेल, मी बघितलेलं नाही. आपण पन्नाशी ओलांडली, लग्नं झाली, मुलं झाली, कुणाला पत्ताही नाही. ज्या मुलीला काही त्रास नाही, तिची अशी तपासणी करून तिच्या हाती काय पडणार? उपचार नाही, प्रतिबंधाचं औषध नाही, फक्त एक शब्द. मग समुपदेशकानेही त्यांच्याशी दोनदा बोलून घेतलं. तपासणी झाली नाही. लग्न झालं.

मुलाचं सांगते. राखणदार दुरुस्त करणारं औषध आज कुठेच नाही, पण बाकी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. त्याचे खडे शॉकवेव्हने फोडून काढले. जेवताना विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, म्हणजे जे ट्रिप्सिन आत नीट पोचत नाही ते तोंडावाटे. वजन वाढलं. साखरेवर लक्ष ठेवावं लागतं, पुढेमागे इन्सुलिन लागू शकतं. विडी-सिगारेट आणि दारू या दोन गोष्टींपासून त्याने कायम लांब राहायचं आहे. पुढच्या वर्षी बारावी झाला, आता डिप्लोमा करतो. वडील प्रत्येक तपासणीला बरोबर येतात. दोघं बोलतात की नाही, ते मी विचारलेलं नाही.

समोर बसलेल्यांत बरेच जण आज स्वतः शिक्षक आहेत, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. शाळेतल्या दहा पोटदुख्यांपैकी नऊ गणिताच्या तासाच्या असतात, मान्य आहे. मीही त्या काढल्या आहेत आणि बाईंनी त्या बरोबर ओळखल्या आहेत. पण एखादं मूल पुन्हा पुन्हा पोटाचा वरचा भाग धरून पुढे वाकतंय, दुखणं पाठीत जातंय म्हणतंय, उलट्या होतायत, खाऊनही वाळत चाललंय, शौच तेलकट होतंय असं घरचे सांगतायत, तर त्याला नाटकी म्हणू नका. दुखणं चालू असताना रक्तातलं लायपेज आणि अमायलेज बघायला सांगा, आणि एक सोनोग्राफी. हे आता जिल्ह्याच्या ठिकाणी सगळीकडे होतं. आणि पुढे निदान झालंच, तर ‘किती पितो’ हे विचारायचं काम डॉक्टरांचं आहे, तेही दार लावून. त्यांना ते विचारावंच लागतं. पारावर बसून आपण ते विचारायचं काही कारण नाही.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या दोन घेते.

पहिलीत विचारलंय, की कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन अडवणारं प्रथिन असतं असं वाचलं, मग सोयाबीन खाऊन राखणदारांना कुमक मिळेल का? वाचलेलं बरोबर आहे. १९४० च्या दशकात मोझेस कुनिट्झ यांनी ते प्रथिन स्फटिकरूपात वेगळं केलं. पण ते खाल्ल्यावर आतड्यातच राहतं, स्वादुपिंडाच्या पेशीत जात नाही. उलट कच्चं खाल्लं तर अन्नातलं प्रथिन पचू देत नाही. म्हणून तर आपण सोयाबीन शिजवून खातो. उष्णतेने त्याचा जोर जातो. कुमक वगैरे मिळत नाही, उसळ मात्र चांगली होते.

दुसरी चिठ्ठी अक्षरावरून ओळखली, पण नाव घेत नाही. साबुदाणा टॅपिओकाच्याच कंदाचा, मग उपासाला खावा की नाही? कंद तोच. आपल्याकडे येणारा साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडचा असतो. पण कंद किसून, धुऊन, त्याचं पिष्ट काढून, भाजून तो होतो, आणि त्यात कंदातला विषारी अंश जवळजवळ निघून जातो. शिवाय टॅपिओकामुळे हा आजार होतो, ही समजूत पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. तेव्हा स्वादुपिंडासाठी म्हणून साबुदाणा सोडायची गरज नाही. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. साबुदाणा म्हणजे बहुतेक सगळं पिष्टच, साखर भराभर वाढते. अशांनी वाटीभर खिचडीवर थांबावं आणि बरोबर ताक आणि काकडीची कोशिंबीर घ्यावी.